फुटामागं एक सूत

कार्डावर माझा फोटो आहे, हसू नका म्हणून काढलेला.
वर छापलंय: कायमचा रहिवासी.
खाली, बारीक अक्षरात, मुदत संपायची तारीख.

आनंदानं ते उजव्या हातात धरलं (डावा उचलत नाही),
उन्हाला लावून बघितलं, नोट बघावी तसं,
आणि विचारलं, "कायमचा म्हंजे किती दिवस?"

पाच वर्षांत सातशे तीस.
माझे झालेत चारशे शहाण्णव.
हौसाचे कधीच पुरे झाले. ती एडमंटनला
गुडघाभर बर्फात नातीच्या शाळेबाहेर उभी असते,
बसवाल्याला हात करून "थांब रं" म्हणते
आणि तो थांबतो.

मी पंधरा दिवसांच्या तिकिटावर आलो होतो.
भाऊ सीपीआरला, वॉर्डात, एक अंग गेलेला.
माझ्या कार्डाला तिकडं पीआर म्हणतात.
एवढ्या एका अक्षरात
अकरा महिने गेले.

पहिल्या महिन्यात पेठेत सगळे विचारायचे, "कवा आलासा?"
मग, "जाणार कवा?"
आता कुणी काहीच विचारत नाही.
दूधवाला न सांगता अर्धा लिटर जास्त घालतो.

शर्वरी फोनवर मोठ्यानं बोलते, लांब आहे म्हणून.
"बाबा, दिवस भरायला पाहिजेत!"
आनंदाची सून चहा घेऊन येता येता दारातच थबकली.
आमच्याकडं दिवस बाईचे भरतात, बाळंतपणाला,
नाहीतर माणसाचे, एकदाच.
आनंदा अर्ध्या तोंडानं हसला.
"आधी माझं भरू द्या की."

हिशोब मी पेन्सिलीनं केला, कॅलेंडरच्या मागं.
तीस जूनला पाच वर्षं संपतात.
नऊ नोव्हेंबरला तिकडच्या जमिनीवर पाय ठेवला
तर दोनशे चौतीस मिळतात, बरोबर तेवढेच लागतात.
दहाला ठेवला तर एक कमी.

चाळीस वर्षं उद्यमनगरात लाकडाचे पॅटर्न केले,
पंपांचे, गिअरच्या पेट्यांचे. सागवान, रंधा, लाखेचा हात.
ओतलेलं बीड थंड होताना आकसतं,
म्हणून लाकडातच फुटामागं एक सूत जास्त धरायचं.
पोरांना शिकवताना मी हे आधी सांगायचो
आणि नाव नंतर विचारायचो.
या हिशोबात ते सूत
माझंच धरायचं राहिलं.

नऊ तारखेला संध्याकाळी महाद्वारात गर्दी होती.
सूर्याला पण तारखा लावून दिल्यात इथं:
आज पायाशी, उद्या छातीशी, परवा तोंडावर.
आनंदाच्या नातवानं फोनवर दाखवलं.
ढग होते. किरणं उंबऱ्याच्या आत आली आणि विरली.
"उद्या येतील," आनंदा म्हणाला,
"न्हाई आली तर जानेवारीत येतील."
मी त्याच्या डाव्या पोटरीला तेल चोळत होतो.
पोटरी हातात मावते आता.

शर्वरीचा फोन आला. तिकडं पहाटेचे सव्वापाच.
तिनं आकडा विचारला नाही.
म्हणाली, "काकांचा पाय उचलतोय का?"
म्हटलं, अंगठा हलतो.
मग हौसा आली फोनवर आणि म्हणाली,
जाड स्वेटर कपाटात डाव्या बाजूला ठेवलाय.
कधी लागणार ते बोलली नाही.

सकाळी आनंदाला चपला हव्यात असं निघालं.
"जुन्या करकरत न्हाईत. चालाया लागलो तर लोकांना कळाया नको?"
साध्या पट्टीनं दोन्ही पावलं मोजली.
डावं थोडं लहान भरलं.

चप्पल लाइनीत दुकानदारानं माप लिहून घेतलं,
दोन्ही पायांचं एकच, आणि वर एक सूत.
"घालणार कोण?"
मी खिशात हात घातला पैशांसाठी,
बोटांना आधी कार्ड लागलं,
मग नोटा.